गोधडीच्या काठावरची खाचरं

यंदा थंडी आली ती प्रणालीच्या तोंडून. प्रणाली म्हणजे माझी सून. ड्युटीवरून आली, मोरीत पाय धुता धुता म्हणाली, "आई, माझा स्वेटर काढून ठेवा ना. गोडाऊनमध्ये सकाळी बोटं इतकी गार पडतात की स्कॅनरचं बटणच दबत नाही." मी म्हटलं, आली वाटतं. पूर्वी थंडी आल्याचं कुणी कुणाला सांगत नसे. भात कापून झालेलं असायचं, अंगणात झोडणी चाललेली असायची, पेंढ्याची कुसं मानेला चावायची, आणि भिवंडीजवळच्या आमच्या सगळ्या शेलार गावाला तो एक कोरडा, गोडसर वास सुटलेला असायचा. सकाळी धुकं नदीवरून उठून घरात शिरायचं, तेव्हा थंडी आली हे अंगालाच कळायचं. आता गावाच्या तिन्ही अंगांना निळ्या पत्र्यांची गोडाऊनं, आणि वास म्हणाल तर डिझेलचा. त्यामुळे थंडीसुद्धा आता कुणाला तरी बाहेरून आणून द्यावी लागते.

आमच्याकडे एक दंडक होता. भात घरात येईपर्यंत बाईनं सुई हातात घ्यायची नाही. शेतात भात उभं असताना सुई-दोरा घेऊन बसलेली बाई म्हणजे रिकामटेकडी, असं म्हातारी माणसं म्हणायची. पण एकदा का कणग्या भरल्या, की दुपारी घरोघरच्या पडव्यांमधून गोधड्या पसरलेल्या. वालाच्या शेंगा सोलून झाल्या की बायका तिथंच पाय लांब करून टाके घालायला बसायच्या. म्हणून थंडी म्हटलं की मला अजून शेकोटीच्या आधी सुई आठवते.

तर स्वेटर काढायला माळा उघडला आणि त्याबरोबर गोधड्याही काढल्या. ऊन दाखवायला गच्चीच्या कठड्यावर टाकल्या, आणि एक मांडीवर घेऊन तिथंच बसले. ऊन छान होतं. दूर कुठेतरी लूमचा, यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, आताशा तोही तुटक तुटक येतो. डोळा लागला होता की नव्हता, कोण जाणे. प्रणाली कपडे वाळत घालायला वर आली आणि म्हणाली, "आई, काय उसवताय?"

मी खाली पाहिलं. माझ्या बोटांनी काठाचा हातभर दोरा ओढून काढला होता. नीट गुंडाळून अंगठ्याभोवती घेतला होता.

"सुटलाच होता गं," मी म्हटलं.

सुटला नव्हता. तो टाका माझा स्वतःचा आहे, मला माहीत आहे तो कसा बसतो. आणि त्या आठवड्यात हे काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं. टीव्ही बघताना पदराचं टोक, जेवताना ताटाखालच्या कापडाची कड. माझी बोटं माझ्या नकळत काठ शोधत फिरायला लागली आहेत.  प्रणाली चिमटे लावत राहिली. पण तिनं दोनदा वळून पाहिलं, ते मला दिसलं.

अशी बोटं मी आधी पाहिली आहेत. त्यांचा एक अख्खा हिवाळा मी पाहिला आहे.

माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायची. आईंचे हात कसे होते ते सांगते. लावणी लावून लावून नखांच्या बाजूची कातडी कायमची तडकलेली, मनगटं पुरुषासारखी रुंद, आणि ते हात कधी मांडीवर स्वस्थ पडलेले मी पाहिले नाहीत. नवी नवरी म्हणून मी ह्या घरात आले, तेव्हा पहिल्या लावणीला माझी रोपं तरंगून वर यायची. आईंनी माझं मनगट धरून चिखलात कोपरापर्यंत दाबलं होतं. "भाताला धर, फुलं नको वाहू," म्हणाल्या. एवढंच शिकवणं. पुढं मी चांगली लावायला लागले, तर त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. कौतुक हा प्रकार त्यांना परवडत नसे बहुतेक.

त्यांचं विसरणं हळूहळू आलं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग माणसांची नावं. मग एके दिवशी मला म्हणाल्या, "बाय, तू कुनाची गो?" मी हसले, म्हटलं थट्टा करतायत. त्या थट्टा करणाऱ्या नव्हत्या हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. त्या हिवाळ्यात तर त्या पडवीतल्या खाटेवरच होत्या. पायांनी चालायचं सोडलं, पण हातांना कुणी सांगितलंच नव्हतं की काम संपलं म्हणून. ते आपले चालूच. अंगावरच्या गोधडीचा काठ धरायचा, दोरा शोधायचा, ओढायचा. दोरा निघाला की आतल्या चिंध्या बाहेर काढायच्या. कुणाचं लुगडं, कुणाचा सदरा, माझ्या मुलाची झबली, सगळं पोटातून ओढून काढावं तसं खाटेखाली पसरायचं. मी दुपारी शिवायची, संध्याकाळपर्यंत त्यांनी उसवलेलं असायचं. पुन्हा शिवायची. नवरा लूमवर शिफ्टला, मुलगा शाळेत, घरात आम्ही दोघीच. एक शिवणारी, एक उसवणारी. मला वाटायचं, असाच जन्म जाणार आता.

आणि गोधडी हाताशी नसली की त्या स्वतःचं मनगट धरायच्या. तिथं दोरा शोधायच्या. कातडी निघायची, रक्त यायचं, तरी त्यांचं शोधणं थांबायचं नाही. मी हळद लावायची, फडकं गुंडाळायची. फडकंही उसवायच्या.

अशात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, ठकूबाई, खारबावला दिलेली. पिशवीत सुकी मच्छी, तोंडात पान, आणि आवाज असा की अर्ध्या आळीला कळावं कोण आलंय. आईचा हात बघितला आणि बाहेर जाऊन पान थुंकूनच आल्या.

"ह्या काय झालाय गो आयच्या हाताला?"

"उसवायला काही मिळालं नाही की स्वतःलाच ओरबाडतात, वन्सं."

"मंग बांधून ठेव. मऊ कापरानं. खाटेच्या दांडीला."

"बांधू?"

"असा काय बघतस माझ्याकरं? मी काय आयची दुश्मन हाय? कातडी राहिली पायजे ना अंगावर! आमच्या शेजारच्या म्हातारीला तसाच ठेवलेला. सवय होते."

कुणाला सवय होते, ते काही त्या बोलल्या नाहीत. माझे हे जेवत होते. बराच वेळ भात कालवत राहिले, मग ताटाकडेच बघत म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. न्हाय थांबलं तं बांधू."

मला दोघांचाही राग आला नाही. खरंच सांगते. रोज रक्त बघून तेही थकले होते. आणि मी इतकी दमलेली होते की बांधायचं म्हणताच मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर तेवढाच वेळ आपल्याला आडवं होता येईल, हे आलं. मग आईंच्या हातांकडे पाहिलं. ह्या हातांना गाठ मारायची कशी, हेच मला कळेना. बैलाला दावं बांधताना मी त्या हातांना पाहिलं होतं. ते बांधणारे हात होते, बांधून घेणारे नव्हते. पण संक्रांत काही लांब नव्हती.

आमच्या मागच्या भिंतीला लागून चाळ होती, लूम कामगारांची. तिथं नसीमआपा राहायची. तिचा नवरा आणि माझे हे एकाच शेडमध्ये, एकाच शिफ्टला. नसीम घरी उशांचे अभ्रे शिवायची. भिंतीला एक खिंडार पडलेलं होतं, त्यातून तिचं-माझं मीठ-मिरचीचं येणंजाणं. त्या दिवशी तिनं खिंडारातून माझा अवतार पाहिला आणि सरळ आतच आली. आईंची बोटं बघत उभी राहिली थोडा वेळ.

"भाभी, इनको काम दो. काम माँग रहे हैं हाथ."

"आता ह्यांना काय काम देऊ मी? भात लावायला पाठवू?"

"अरे सुनो तो." तिनं कमरेला खोचलेला कापडाचा एक चौकोनी तुकडा काढला. कोपऱ्याला कोपरा लावून मुडपला, झाला त्रिकोण. पुन्हा मुडपला, झाला लहान त्रिकोण, चार पदरी, टोक कसं ताठ. "ये देखो. समोसा. हमारे उधर रज़ाई के किनारे पे लगाते हैं. एक के मुँह में दूसरा, दूसरे के मुँह में तीसरा. पूरी किनार."

"गोधडीला समोसे?"

"हाथ को पकड़ने को कुछ चाहिए ना. अभी कुछ नहीं मिलता, तो धागा पकड़ती हैं."

"आणि हे खाल्ले तर?"

"खाएगी नहीं भाभी, पकड़ेगी!"

पुढं तिचं हे म्हणणं किती खोटं ठरलं ते सांगते. पण पहिली गोष्ट खरी होती. सपाट काठाला बोट लागतं आणि घसरतं, म्हणून ते दोरा शोधतं. त्रिकोणाला चिमटीत धरता येतं. धरलं की सोडता येतं. सोडलं की पुढचा.

ह्यांनी शेडमधून कोऱ्या कापडाचं एक टोक आणून दिलं. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, पिवळट, ज्याला इथं सगळे ग्रे म्हणतात. सुताला लावलेली खळ त्यात तशीच असते, आंबूस वास येतो, आणि मुडपलं की घडी कागदासारखी बसते. मी बसले मुडपायला. चौकोन, कोपरा, पुन्हा कोपरा. एकाच्या उघड्या तोंडात दुसऱ्याचं टोक. सगळ्यांची कापलेली बाजू काठावर, त्यावर पट्टी घालून टाका. चार पदर आणि वरून खळ, सुई जाईना. अंगुस्तान घालूनही बोटाला भोकं पडली. पण एक बाजू झाली तेव्हा मलाच ती मांडीवरून खाली ठेववेना. देवळांच्या शिखरांची रांग असावी तसे ते समोसे उभे होते.

चारी बाजू पुऱ्या करून गोधडी आईंच्या अंगावर घातली. बोटं आली काठावर, नेहमीसारखी. समोशाला लागली. थांबली. चिमटीत धरून त्यांनी टोक दाबून पाहिलं, कडा चाचपली. मग पुढच्यावर गेल्या. पडवीत इतकं शांत झालं की मागच्या शेडमधले लूम ऐकू आले, जे खरं तर रात्रंदिवस चालूच असायचे.

आणि आई बोलल्या, "वडाची. पानी हाय का गो?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "पाणी देऊ प्यायला?"

त्या चिडल्या. "वडाच्या खाचरात पानी हाय का?"

"हाय," मी म्हटलं, सुटका म्हणून.

त्यांनी मान हलवली आणि बोट पुढच्या समोशावर नेलं. "वाकडी. पानी हाय का गो?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आई बांधावरून चालल्या होत्या. एकेक समोसा म्हणजे भाताचं एकेक खाचर, आणि समोशा-समोशातली खाच म्हणजे बांध. वडाची, वाकडी, मोठी, सासूची, खालची, ही आमच्या खाचरांची नावं. जन्मभर रोज सकाळी ज्या वाटेनं जाऊन पाणी बघून यायच्या, त्याच वाटेनं त्यांची बोटं निघाली होती. प्रत्येक खाचरापाशी उभं राहायचं, विचारायचं, आणि उत्तर आलं की पुढं. उत्तर आलं नाही तर पुढं जायचं नाही, तिथंच उभ्या. आणि मग पुन्हा दोरा शोधायला लागायच्या.

म्हणजे काम त्यांच्या हातांना मिळालं, आणि मलाही! भात ढवळताना, भांडी घासताना, सूप हातात असताना पडवीतून हाक: पानी हाय का गो? मी आतून: हाय, आई. पुन्हा: पानी हाय का गो? हाय, आई. काठाला एक फेरी झाली की पुन्हा वडाचीपासून. कधी कधी तर माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही, नुसता श्वास. त्यांना तेवढाही पुरायचा. एकदा ह्यांना सुट्टी होती, मी म्हटलं जरा तुम्ही द्या उत्तर. हे सरळ मनुष्य. आईंनी विचारलं तर म्हणाले, "आता थंडीत पानी कुठला, आय? भात कवाच कापला." झालं! आई खाटेवरून उतरायला निघाल्या बांध फोडायला. दोघांनी धरून निजवलं. तेव्हापासून हेसुद्धा 'हाय' म्हणायला शिकले.

मनगटावर खपली धरली. मला वाटलं, जिंकले.

मग गोधडी ओली झाली. आजारी माणसाची गोधडी, होणारच. मी ती दगडावर सोड्यात धुतली आणि पाणी पांढरं फटक निघालं, पेजेसारखं. सगळी खळ वाहून गेली होती. वाळवून आणली तर काय, ते शिखरासारखे समोसे अळूचं पान उन्हात टाकावं तसे माना टाकून पडलेले, आणि कोरं कापड आटल्यामुळे अख्खा काठ चुण्या पडून गोळा झालेला. आता बघा, कोरं कापड आधी भिजवायचं, आटवायचं, मग कापायचं, हे बाहेरच्या कुठल्याही बाईला माहीत असतं, कारण ती ते दुकानातून आणते. आम्हा भिवंडीकरणींना कापड असं हाताशी, मागावरून थेट घरात, परसातली भाजी तोडून आणावी तसं. भाजी काय कुणी आटवून शिजवतं?

आईंनी काठ चाचपला. त्या मऊ गोळ्यात त्यांना खाचर सापडेना, बांध सापडेना. गोधडी त्यांनी ढकलून दिली. आणि हात पुन्हा मनगटावर गेला. संक्रांत आता अगदी तोंडावर आली होती, तिळगूळ घेऊन वन्सं येणार होत्या. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिले. रडले नाही. रडायलासुद्धा अंगात थोडं काही लागतं.

नसीम खिंडारातून बघत होती. तिला काय वाटलं असेल ते असो, हसली मात्र पोटभर.

"लूमवाले की बीवी! और कोरा कपड़ा बिना धोए लगा दिया?"

"हस, हस. तुझा समोसा होता तो."

"समोसा मेरा, पर तलना तो तुमको था! चलो उठो. उसवो सब."

उसवायचं. एवढा घट्ट टाका, चारी बाजूंचा. मी कात्री घेतली आणि मग माझं लक्ष आईंकडे गेलं. घरात एक माणूस असं होतं ज्याच्याइतकं चांगलं उसवणं पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं! मी गोधडी खाटेवर नेली, एक बाजू त्यांच्या हातात दिली, एक माझ्या. "आई, हे काढायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू इतक्या दिवसांनी कुणीतरी शहाण्यासारखं बोललं. आणि बसल्या की हो कामाला. दुपारभर आम्ही दोघी समोरासमोर बसून उसवत होतो. त्यांची बाजू माझ्या आधी झाली. माझ्या हातातली बाजू ओढून घेतली आणि म्हणाल्या, "सर. तुना नाय जमत." त्या सबंध हिवाळ्यात त्या मला ओळखून बोलल्या असतील, तर ते एवढंच.

मग नसीमनं दिलेलं कापड भिजवलं, आटवलं, पुन्हा चौकोन, पुन्हा कोपरे. शिवून झालं, पण आता त्याला ताठपणा नव्हता. खळ नाही तर नाही, घरात पेज होती. नव्या तांदळाची, दाट. काठ तेवढा पेजेत बुडवून पिळला, समोशाचं एकेक टोक बोटांनी ओढून सरळ केलं आणि उन्हाला टाकला. वाळला तो कडक. धुतलं की मऊ होणार, पुन्हा पेज लावायची, पुन्हा कडक. असं ते चालणार होतं, पण निदान काय करायचं ते तरी कळलं होतं.

आईंनी टोक धरलं. दाबलं. नाकाशी नेलं. आणि तोंडात घातलं.

"नसीम!" मी ओरडले, "खा रही है तेरा समोसा!"

पेजेचा वास. जन्मभर सकाळी उठून जी प्यायल्या, तीच. थोडा वेळ चोखून त्यांनी ते टोक बाहेर काढलं, पदरानं पुसलं, आणि म्हणाल्या, "वडाची. पानी हाय का गो?"

संक्रांतीला वन्सं आल्या. तिळगूळ द्यायच्या आधी आईचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मनगट कोरडं होतं. मी चुलीपाशी होते, गुळाच्या पोळ्या चालल्या होत्या, डोळ्यांत धूर. पडवीतून आईंचा आवाज आला, "पानी हाय का गो?" आणि माझ्या तोंडून उत्तरच फुटेना. काय झालं कोण जाणे. भिंतीला पाठ टेकली होती, ती सुटेना. पुन्हा आवाज आला, आता जरा चढा, "मोठीत पानी हाय का गो?"

"हाय, आय," वन्सं म्हणाल्या. मग खाटेवर टेकून, "बांध भरून हाय. चल, आता सासूचीत चल."

त्या तिथंच वाढल्या होत्या ना. मला जी माहीत नव्हती ती खाचरंही त्यांना माहीत होती, माझ्या लग्नाआधीच विकलेली. दोघी चालत राहिल्या. जांभळीची, खेकड्याची, आणि कुठलीतरी 'रडकी', तिला तसं का म्हणत ते वन्संनी सांगितलं आणि आई हसल्या. मी आतून ऐकत होते. शेवटची पोळी तव्यावर टाकल्याचं मला आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण मी बसल्या जागी झोपले. पोळी जळून कोळसा झाली, घरभर वास सुटला, आणि मला कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर वन्संची शाल होती आणि पडवीत त्यांचं अजून चालूच होतं. हात बांधायचं पुन्हा कुणी काढलं नाही. आधी कुणी काढलं होतं, हेही कुणी बोललं नाही.

आई शिमग्याच्या आधी गेल्या. झोपेत. नंतर त्यांच्या अंथरुणाचं काय करायचं ते चाललं होतं, नदीवर न्यायचं की कुणाला द्यायचं. वन्संनी गोधडीची घडी घातली, समोसे आत येतील अशी, आणि आपल्या पिशवीत ठेवली. 

पुढं खाचरं एकेक करून गोडाऊनांखाली गेली. त्याचं आता काय सांगायचं, सगळ्यांचीच गेली. पण त्या हिवाळ्याची दमणूक गेली नाही. माणसाला वाटतं, झोप काढली की शीण उतरेल. शरीराचा उतरतो. 'हाय' म्हणून म्हणून जो आला होता तो कुठंतरी बसून राहतो, आणि थंडी पडली, ऊन जरा कोवळं झालं, की हळूच वर येऊन मांडीवर बसतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे असंही नाही. आता तर तो ओळखीचा झालाय.

तर, माझी बोटं. गच्चीवरून खाली आले आणि दोन दिवस विचार केला. मग नसीमला फोन लावला. ती हल्ली टेमघरला मुलाकडे असते, आमच्या मागची चाळ पाडून तिथंही गोडाऊनच झालं. कानाला कमी ऐकू येतं तिला, दोघींचं ओरडणं शेजारपाजाराला कळतं. म्हटलं, "नसीम, ग्रे कापड पाहिजे. समोसे करायचेत."

 ती म्हणाली, "किसके लिए, भाभी?"

"माझ्यासाठी."

 मला वाटलं फोन कट झाला. मग एकदम, "इस बार पहले धो लेना."

कापड तिच्या नातवाच्या हाती आलं. मी धुतलं, आटवलं, चौकोन कापले. प्रणालीचा वीकली ऑफ होता, तिला म्हटलं, बस जरा. तिला मोबाईल बघायचा होता, पण बसली. मुडपून दाखवलं. दुसऱ्याच चौकोनाला तिचा हात बसला.

"बॉक्सच्या फ्लॅपसारखंच आहे हे," म्हणाली. "दिवसभर तेच तर करते मी. कुणासाठी आहे पण? शेजारच्या पिंकीच्या बाळाला?"

"नाही. मला."

तिचा हात थांबला. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मी माझ्या हातांकडे. ते तेव्हा शहाण्यासारखे होते, त्यांच्याकडे काम होतं.

"आई, आपण डॉक्टरांना दाखवू."

"दाखवू. तू नेशील तिथं येते. पण हे शिकून ठेव. शिवायचं, धुतलं की काठ पेजेत बुडवायचा, टोकं ओढायची. मी चोखलं तर चोखू दे." मग आईंचं सगळं तिला सांगितलं, जसं आता सांगितलं तसं. वन्सं, खाट, मऊ कापड. शेवटी म्हटलं, "एवढंच मागणं आहे बघ. बांधू नका."

"काहीतरीच बोलता तुम्ही," ती म्हणाली, आणि नाक पुसून पुन्हा मुडपायला लागली. तिचे समोसे माझ्यापेक्षा ताठ होत होते.

संध्याकाळी एक बाजू शिवून झाली. आता एवढ्या मोठ्या गोधडीच्या चारी बाजू माझ्याच्यानं होणार नाहीत, सुई ओवायलाच अर्धा वेळ जातो. म्हटलं राहू दे, उरलेल्या ती करील. तिनं काठ मांडीवर घेतला, पहिलं टोक चिमटीत धरलं आणि विचारलं, "ही वडाची ना?"

"हो."

"आमच्या गोडाऊनच्या गेटला तो तोडलेला वड आहे, बुंधाच राहिलाय. तोच?"

"तोच."

"तिथं तर आमचे कंटेनर लागतात, आई."

म्हणजे माझी सून रोज सकाळी स्वेटर घालून वडाच्या खाचरात जाते. आईंच्या पावलांवर. हे माझ्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले, थंड पडतात म्हणते ती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पानी हाय का गो?"

गंमत म्हणून बोलले असेन. मला आता तसं आठवतं आहे. पण प्रणालीला ते कळायला काही मार्ग नव्हता. तिनं चटकन वर पाहिलं, माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधलं. आणि ते सापडलं की नाही ह्याची वाट न बघता म्हणाली,

"हाय, आई. भरपूर हाय." आणि माझं बोट धरून तिनं पुढच्या समोशावर ठेवलं.